इंडक्शन की कॉइलची शेगडी? उत्तर वीजबिलाच्या टप्प्यात

स्वयंपाकाच्या गॅसला पर्याय म्हणून विजेकडे वळा, असा आग्रह गेली काही वर्षे सरकारी पातळीवरून धरला जात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी गॅसवर अनुदान देण्याऐवजी विजेच्या शेगड्यांना साहाय्य का देऊ नये, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ईईएसएल’ या सरकारी कंपनीच्या माध्यमातून वीस लाख इंडक्शन शेगड्या वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस आयात करावा लागतो, हे या आग्रहामागचे मुख्य कारण. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर एकाच वेळी ५० रुपयांनी महागला, तेव्हा हा राष्ट्रीय प्रश्न थेट घरखर्चाच्या वहीत उतरला.

मात्र ‘विजेची शेगडी’ म्हणून दुकानात दोन अगदी भिन्न वस्तू मिळतात. एक इंडक्शन, दुसरी तारेच्या गुंडाळीची जुनी शेगडी किंवा हॉटप्लेट. दुसरी स्वस्त, पहिली महाग; म्हणून बहुतेकांची निवड तिथेच होऊन जाते. ही निवड पुढे किती महागात पडू शकते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गोव्याबाहेर, तेलंगणात. तिथल्या वीजदरांची रचनाच तशी आहे.

गौलीगुड्याचे गणित

हैदराबादेतील गौलीगुडा ही मुसी नदीच्या उत्तरेची, कोठी आणि बेगम बाजार यांच्या शेजारची जुनी वस्ती. निजामाच्या काळापासून या परिसरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. शतकाहून अधिक जुनी विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था इथून जवळच जांबागमध्ये आहे. अशा वस्तीतील एखादे मध्यमवर्गीय कुटुंब डोळ्यांसमोर आणू. त्याला १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरतो आणि दिवे, पंखे, शीतकपाट, दूरचित्रवाणी यांसाठी महिन्याला ११० युनिट वीज लागते, असे धरू.

गॅसच्या ज्योतीतील साधारण ६० टक्के उष्णता भांड्यात पोहोचते असे मानले, तर या घराचा महिन्याचा सगळा स्वयंपाक इंडक्शनवर सुमारे ८५ युनिटांत होईल. कॉइलच्या शेगडीला त्यासाठी सुमारे १०० युनिट लागतील. कारण इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तर कॉइलची ७० ते ७५ टक्के. फरक अवघ्या पंधरा युनिटांचा.

आता तेलंगणाचे घरगुती दर पाहू. महिन्याचा एकूण वापर १०० ते २०० युनिटांच्या दरम्यान असेल, तर पहिल्या शंभर युनिटांना ३.४० रुपये आणि पुढच्या युनिटांना ४.८० रुपये दर लागतो. वापर २०० च्या वर गेला, की पहिल्या दोनशे युनिटांचाच दर ५.१० रुपये होतो आणि त्यापुढील युनिटांना ७.७० रुपये मोजावे लागतात. म्हणजे २०० ची रेषा ओलांडताच आधीची सगळी वीजही महाग होते.

स्थिर आकार आणि इतर अधिभार बाजूला ठेवले, तर इंडक्शन वापरणाऱ्या आपल्या कुटुंबाचा वापर १९५ युनिट आणि बिल ७९६ रुपये होईल. कॉइलच्या शेगडीवर वापर २१० युनिट आणि बिल १,०९७ रुपये. पंधरा युनिटांसाठी तीनशे रुपये! गॅस असताना हेच बिल ३८८ रुपये होते. याचा अर्थ इंडक्शनवरचा स्वयंपाक महिन्याला ४०८ रुपयांत पडतो, तर कॉइलवरचा ७०९ रुपयांत. २०२५ मधील दरवाढीनंतर हैदराबादेत सिलिंडर ९०५ रुपयांना झाला. त्या हिशेबाने गॅसचा मासिक खर्च सुमारे ६०३ रुपये. एक शेगडी गॅसपेक्षा स्वस्त, दुसरी गॅसपेक्षा महाग.

शिधापत्रिकाधारक गरीब कुटुंबासाठी ही रेषा आणखी कठोर आहे. २०२४ पासून तेलंगणात ‘गृह ज्योती’ योजनेखाली पात्र कुटुंबांना २०० युनिटांपर्यंत वीजबिल शून्य येते. त्यापुढे गेल्यास पूर्ण बिल भरावे लागते. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेली हॉटप्लेट त्या घराला एका महिन्यात हजार रुपयांचा भुर्दंड देऊ शकते. याच कुटुंबांना अनुदान धरून सिलिंडर ५०० रुपयांत पडतो, हे त्यांनी हिशेब मांडताना विसरू नये. उलट, ज्या घरात वातानुकूलन यंत्र चालते आणि वापर आधीच २५० युनिट आहे, तिथे इंडक्शनही महिन्याला सुमारे ७०० रुपये वाढवते. त्या घराला गॅसच परवडतो.

भांडी आणि वायरिंग

कॉइलच्या शेगडीत तार तापते, तिची उष्णता भांड्याला मिळते आणि बरीचशी हवेत जाते. इंडक्शनमध्ये काचेखालील तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा लोखंडी बूडच तापतो. म्हणून ॲल्युमिनियमचे टोप, तांब्या-पितळेची आणि मातीची भांडी त्यावर निरुपयोगी ठरतात. गौलीगुड्यालगतचा बेगम बाजार भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे असो वा म्हापशाच्या बाजारात, भांडे घेताना बुडाला चुंबक लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर भांडे चालेल. सगळ्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कुकर, कढई, तवा नव्याने घ्यावे लागले, तर तो खर्च शेगडीच्या किमतीत मिळवायला हवा.

भाकरी आणि फुलके थेट ज्योतीवर फुगवण्याची सोय इंडक्शनवर नाही. कॉइलवर जाळी ठेवून ते साधते आणि कोणतेही भांडे चालते. तिचे हे दोन गुण खरे आहेत. मात्र तार उघडी असलेल्या शेगडीत विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. काचेची इन्फ्रारेड शेगडी हा मधला मार्ग. तिच्यावरही सर्व भांडी चालतात, पण भांडे बाहेरून तापवण्याची तिची रीत कॉइलचीच, त्यामुळे विजेची बचत इंडक्शनइतकी नाही.

दोन्ही प्रकारच्या शेगड्या साधारण दीड ते दोन हजार वॅट वीज ओढतात. त्यांना १६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग हवेच. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत ही सोय बहुधा नसते. शेगडीआधी वायरमनला बोलावणे हा खर्चाचा पहिला भाग समजावा. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने इंडक्शन वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

गोव्यासाठी बोध

गोव्याचे वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि इथेही ते टप्प्याटप्प्याने चढतात. आपल्याकडे वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यातील युनिटांपुरताच लागतो, त्यामुळे गौलीगुड्यासारखी एकदम उडी बसत नाही. तरीही शेगडीची वीज नेहमी बिलाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात भरते. वाचकाने आपले मागील बिल काढावे, त्यातील शेवटच्या टप्प्याचा दर पाहावा आणि तो ८५ व १०० या आकड्यांनी गुणावा. घरचा सिलिंडर दीड महिना टिकत असेल, तर उत्तर समोर येईल.

गॅस मात्र पूर्ण सोडू नये. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर राज्यात अनेक ठिकाणी वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा ज्यांच्याकडे सिलिंडर होता त्यांचीच चूल पेटली. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे गोमंतकीयांना सांगायला नको. भात, डाळ, दूध, चहा इंडक्शनवर आणि भाकरी, मातीच्या भांड्यातील हुमण गॅसवर, ही विभागणी बहुतेक घरांना सोयीची ठरेल. कॉइलची शेगडी घ्यायचीच, तर ती अधूनमधून वापरण्यासाठी. रोजच्या स्वयंपाकासाठी घेतली, तर विकत घेताना वाचलेले हजार-दीड हजार रुपये ती बिलातून हळूहळू परत घेते.

धोरण आखणाऱ्यांनाही यात एक सूचना आहे. शेगड्या वाटायच्या आणि वीजदराचे टप्पे मात्र तसेच ठेवायचे, तर स्वच्छ इंधनाकडे वळणाऱ्या कुटुंबाला त्याबद्दल दंडच होतो. स्वयंपाकाच्या विजेसाठी दररचनेत वेगळी जागा केल्याशिवाय गॅसची आयात कमी करण्याचा भार सामान्य गृहिणीच्या वहीवरच पडत राहील.