कुलूपबंद अभ्यासाने देश सुरक्षित होत नाही

सायबर गुप्तवार्तेच्या अभ्यासक्रमांना सध्या बरे दिवस आले आहेत. पदविका, प्रमाणपत्रे, सहा-सहा आठवड्यांची शिबिरे. जाहिरातीत डोक्यावर हूड ओढलेली चेहराहीन आकृती आणि खाली राष्ट्रसेवेचे आवाहन. आत बहुधा चार-पाच तयार साधने चालवायला शिकवतात. कोणते बटण दाबल्यावर कोणता तक्ता उमटतो, हे कळणे म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास, ही समजूत विद्यार्थ्यांची फसवणूक करणारी आहे. साधन जुने झाले की शिक्षणही जुने होते.

खऱ्या अभ्यासाचे रूप पाहायचे तर कोलकात्याच्या बराहनगरातील भारतीय सांख्यिकी संस्थेकडे पाहावे. भौतिकीचे प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली उभारलेल्या या संस्थेतील कूटशास्त्र केंद्राला राजचंद्र बोस यांचे नाव आहे. ऑयलरचा १७८२ सालचा अंदाज १९५९ साली खोटा ठरवणाऱ्या तिघांपैकी एक बोस, दुसरे आपले शरदचंद्र श्रीखंडे. चहाच्या टपरीवरील क्यूआर कोडमध्ये ज्या बीसीएच संकेतांचा उपयोग होतो, त्यांतील 'बी' याच बोसांचा. या गणितामागे कोणतीही गुप्तचर यंत्रणा नव्हती.

याच शहरातील एक उदाहरण अधिक बोलके आहे. आरसी-फोर ही संकेतपद्धती १९८७ साली रचली गेली आणि व्यापारी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. १९९४ मध्ये ती फुटली आणि खरा अभ्यास तेव्हा सुरू झाला. ही पद्धती यादृच्छिक भासणाऱ्या बाइटांची माळ तयार करते आणि त्या माळेत संदेश झाकते. निर्दोष माळेत दुसरा बाइट शून्य असण्याची शक्यता २५६ मध्ये १ हवी. मँटिन आणि शमीर यांनी २००१ साली दाखवले की ती १२८ मध्ये १ आहे. कोलकात्याचे सुभमय मैत्र, गौतम पाल आणि सौरव सेन गुप्ता यांनी २०११ साली सिद्ध केले की तिसऱ्यापासून २५५व्या बाइटापर्यंत प्रत्येक जागी शून्याकडे झुकाव आहे. झुकाव अत्यल्प असतो. पण एकच संदेश वेगवेगळ्या किल्ल्यांनी पुष्कळदा पाठवला गेला, तर तो मोजून मूळ मजकूर हाती लागतो. (खोटे नाणे ओळखायलाही ते पुष्कळदा उडवावेच लागते.) २०१३ मध्ये अशाच झुकावांच्या आधारे वेबच्या टीएलएस संरक्षणावरचा हल्ला दाखवण्यात आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये टीएलएसमध्ये आरसी-फोरला मनाई झाली. जगभरातील व्यवहार सुरक्षित करणाऱ्या या साखळीतील प्रत्येक दुवा छापील आणि कोणालाही तपासता येण्याजोगा होता.

आता आपला सरकारी शिरस्ता पाहा. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलम प्रकल्पाने सायबर हल्ल्याची शक्यताच फेटाळली. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय जाळ्यावरील एका संगणकात हानिकारक प्रणाली आढळली होती आणि सर्ट-इनने ते ४ सप्टेंबरलाच कळवले होते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोर हल्ल्याने ठप्प झाले. रुग्णांच्या नोंदी कित्येक दिवस कागदावर चालल्या. संसदेला कारण सांगितले गेले ते एवढेच, की जाळ्याची विभागणी सदोष होती. ती कशी सदोष होती? कोणी तशी ठेवली? पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे प्रश्न वगळता सर्ट-इनलाच माहिती अधिकारातून सूट देण्यात आली.

आयर्लंडच्या आरोग्यसेवेवर मे २०२१ मध्ये असाच हल्ला झाला. त्याच डिसेंबरात दीडशेहून अधिक पानांचा अहवाल जाहीर झाला. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली आणि त्यानंतर सुमारे आठ आठवडे हल्लेखोर आत वावरत होते, हे त्यात नोंदलेले आहे. भारतीय विद्यार्थ्याला रुग्णालयावरील हल्ला शिकायचा असेल, तर त्याला डब्लिनचा अहवाल उघडावा लागतो.

उघडे केल्याने शत्रूला मदत होईल, असा आक्षेप येतो. चालू तपासापुरता तो खराही आहे. पण हल्लेखोर वाट शोधूनच आत शिरलेला असतो. ती ठाऊक नसते पुढच्या रुग्णालयाच्या संगणक विभागाला. किल्ली सोडून बाकी सारे शत्रूच्या हाती पडले तरी व्यवस्था टिकली पाहिजे, असे केर्कहॉफ्सने १८८३ साली लष्करासाठीच लिहिले होते. विमान कोसळले की आपल्याकडेही चौकशीचा अहवाल छापला जातो आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणात तो वाचला जातो. सर्व्हर कोसळल्यावर तो का छापला जाऊ नये? एम्सच्या घटनेचा तपशील, संवेदनशील भाग वगळून का होईना, बराहनगरच्या वर्गात पोहोचला पाहिजे. तिथे कूटशास्त्र आणि सुरक्षेत एम.टेक. करणारी मुले बसलेली आहेत.