तारा लावायचा की नाही?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा सुरू झाला की ख्रिस्ती वस्त्यांचे रूप पालटते. वसईच्या वाड्यांपासून अहिल्यानगर, जालन्याच्या मंडळ्यांपर्यंत दारोदार कागदाचे तारे झळकू लागतात. अंगणात गवताच्या काड्यांचा गोठा उभा राहतो. घरात केकचा, करंज्यांचा वास दरवळतो. गायनाचे ताफे रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरतात.

पण त्याच गल्लीत एखादे घर अंधारात असते. त्या घरावर तारा नसतो. वर्षभरात तेथून कोणीतरी कायमचे गेलेले असते. एखाद्या घरात मरण नसते, पण कर्त्या पुरुषाची नोकरी गेलेली असते, आईच्या आजारपणात दागिने मोडलेले असतात किंवा मुलीचा संसार मोडून ती माहेरी परत आलेली असते. शेजारी विचारतात आणि उत्तर येते, ‘‘यंदा आम्ही नाताळ करत नाही.’’

दुःखाच्या घरी सण करू नये, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. दिवाळीतही असे घर फराळ करत नाही, शेजारी आणून देतात. पण ख्रिस्ती कुटुंबाच्या मनात आणखी एक काटा सलत असतो. ज्याने माणसांचे अश्रू पुसण्याचे वचन दिले, त्याचाच हा वाढदिवस आणि आपल्या डोळ्यांतले पाणी तर खळत नाही. मग आपली श्रद्धा कमी पडली की काय? हसऱ्या चेहऱ्याने चर्चमध्ये जाऊन बसलो तर तो खोटेपणा नाही का?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरापुरता नाही. वर्ष संपताना हिशेब मांडायची सवय आपल्या सर्वांनाच असते. ज्यांच्या हिशेबात यंदा नुसती वजाबाकी आहे, त्यांनी आशा कशाच्या आधारावर धरायची?

पहिला नाताळ कसा होता?

आपण शुभेच्छापत्रांवर पाहतो तो गोठा फार नीटनेटका असतो. शुभवर्तमानातली हकिगत तशी नाही. रोमी सम्राट औगुस्त याने नावनिशी करण्याचा हुकूम काढला, म्हणून योसेफाला दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला जावे लागले. तेथे उतारशाळेत जागा नव्हती. पहिलटकरणीचे मूल परक्या गावात जन्मले आणि जनावरांच्या गव्हाणीत निजवले गेले. पुढे हेरोद राजाने बेथलेहेमातली दोन वर्षांची व त्यांहून लहान मुले मारण्याचा हुकूम दिला आणि या कुटुंबाला रातोरात मिसर देशात पळून जावे लागले. म्हणजे बेघर आणि नंतर निर्वासित, अशी या बाळाच्या आयुष्याची सुरुवात झाली!

चर्चच्या पंचांगानेही ही गोष्ट लपवलेली नाही. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत २५ डिसेंबरच्या आनंदानंतर लगेच २६ तारखेला स्तेफनाचे स्मरण करतात. तो ख्रिस्ती धर्मातला पहिला हुतात्मा, त्याला दगडमार करून ठार केले होते. २८ तारखेला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे स्मरण असते. वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या आठवड्यात हे दोन दिवस ठेवण्यात मोठा समजूतदारपणा आहे. ज्या आईची कूस रिकामी झाली तिलाही या आठवड्यात जागा आहे. नाताळ सुखी माणसांचाच सण आहे, असे त्याच्या मूळ कथेत कोठेही म्हटलेले नाही.

केडगावची माउली

श्रद्धा आणि संकट यांची गाठ कशी पडते, हे पाहायला आपल्याला फार दूर जायला नको. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ती’ची वस्ती उभी केली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तीर्थयात्रा करीत हिंडणाऱ्या विद्वान वडिलांकडून आणि आईकडून त्यांना संस्कृतचे ज्ञान मिळाले. पण १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत उपासमारीने ते कुटुंब उद्ध्वस्त झाले. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या पायी भटकत १८७८ साली कोलकात्याला पोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत पतीला पटकीने नेले. पदरात लहानगी मनोरमा. तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे इकडच्या समाजाचा रोष ओढवला आणि प्रत्येक गोष्ट निमूटपणे न मानल्याने तिकडच्या धर्मगुरूंशीही खटके उडाले. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्याला हलवले. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले आणि कितीतरी पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नान्न करून मरत होती. रमाबाईंना आपले लहानपण आठवले नसते तरच नवल! त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर ठेवले. फळबाग करून संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून ती जमीन घेतली होती. तेथे झाडांबरोबर माणसे वाढू लागली. १९०० सालच्या दुष्काळानंतर ही संख्या दीड हजाराच्याही पुढे गेली.

इतक्या जणींना दोन वेळ जेवायला घालायचे कसे? रमाबाई प्रार्थना करीत, पण प्रार्थना करून हात जोडून बसत नसत. विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग घातले, छापखाना काढला, शिवणकाम सुरू केले. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवण्याची सोय झाली. शेवटपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम हाती असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक! तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडला.

रमाबाईंच्या आयुष्यातले दुःख श्रद्धेमुळे टळले नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. श्रद्धेने एवढेच केले की त्या दुःखाला इतरांकडे जाणारी वाट करून दिली. उपाशी पोटाचा अनुभव हजारोंच्या घासासाठी कामी आला.

तुरुंगातली नववर्षाची भेट

दुसरे उदाहरण जर्मनीतले. डीट्रिख बोनहोफर हे लुथरन पंथाचे पाळक आणि धर्मपंडित. हिटलरच्या राजवटीला त्यांनी सुरुवातीपासून विरोध केला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. १९४४ च्या डिसेंबरात ते बर्लिनमध्ये गेस्टापोच्या तळघरातल्या कोठडीत होते. वरून शहरावर बाँब पडत होते. त्यांचा एक भाऊ आणि दोन मेहुणेही कैदेत होते.

अशा वेळी १९ डिसेंबरला त्यांनी आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिले आणि सोबत नव्या वर्षासाठी एक कविता पाठवली. ३० डिसेंबरला आईचा वाढदिवस असे. तिलाही ती भेट होती. या कवितेत सुटका होईलच, असा भरवसा दिलेला नाही. सुखाचे दिवस पुन्हा आले तर कृतज्ञतेने घेऊ आणि कडू प्याला हाती आला तर तोही त्याच प्रेमळ हातातून घेऊ, असा तिचा भाव आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. युद्ध संपायला जेमतेम महिना राहिला होता. त्यांच्या त्या ओळींना पुढे चाली लावल्या गेल्या आणि आज जर्मन चर्चमध्ये वर्षाच्या अखेरीस त्या गायल्या जातात.

‘सगळे ठीक होईल’ असे म्हणणे सोपे असते. परिस्थिती जरा अनुकूल असली की तसे वाटतेही. आशा मात्र परिस्थितीकडे डोळे उघडे ठेवून पाहते आणि तरीही हात सोडत नाही. बायबलमध्ये इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जीवाचा नांगर म्हटले आहे. तेथे जहाजाचा नांगर अभिप्रेत आहे. पण आपल्या मराठीत शेतकऱ्याच्या खांद्यावरचा तोही नांगरच! पहिला वादळात जहाजाला धरून ठेवतो, दुसरा कडक झालेली जमीन पेरणीसाठी फोडतो. बोनहोफरना पहिला उपयोगी पडला, रमाबाईंनी दोन्ही वापरले.

सरत्या वर्षाची रात्र

३१ डिसेंबरच्या रात्री बाहेर फटाके वाजत असतात, तेव्हा अनेक चर्चमध्ये माणसे उपासनेला जमलेली असतात. मेथडिस्ट पंथात ही प्रथा अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या काळात रुजली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार पूर्वी रात्र गुत्त्यात काढत. ते ती रात्र प्रार्थनेत काढू लागले आणि त्यातून जागरणाची उपासना सुरू झाली. ३१ डिसेंबर १८६२ ची रात्र तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी कायमची जपून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. त्या रात्री माणसे प्रार्थनाघरांतून पहाटेची वाट पाहत बसली होती.

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्येही या रात्री सरत्या वर्षाबद्दल आभार मानले जातात, कोणी उठून आपली साक्ष सांगते, वर्षभरात गेलेल्यांची आठवण निघते. गोव्यात याच रात्री जुन्या वर्षाचा गवताचा म्हातारा जाळतात. दुःखी माणसाला मात्र असे एका रात्रीत वर्ष जाळून टाकता येत नाही. म्हणून ज्या उपासनेत आभारांबरोबर अश्रूंनाही जागा असते, ती त्याला जवळची वाटते.

रडण्याला मनाई नाही

आपल्या समाजात दुःखी माणसाला घाईने गप्प करण्याची सवय आहे. ‘देवाची इच्छा’, ‘देव त्याच्या आवडत्यांनाच लवकर नेतो’, ‘तुमची श्रद्धा घट्ट असती तर असे रडला नसता’, अशी वाक्ये सांत्वनाला आलेले लोक सहज बोलून जातात. बायबलचा त्याला आधार नाही. ईयोबाचे मित्र त्याचे हाल पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले, त्याचे काय चुकले ते सांगू लागले, तेव्हा बिघडले आणि शेवटी देवाने रागावला तो त्या मित्रांवर! स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ते स्तोत्रांच्या पुस्तकात आहे. लाजराच्या कबरेपाशी खुद्द येशू रडला. मग आपणच कोरड्या डोळ्यांनी का बसावे?

तेव्हा ज्या घरात यंदा दुःख आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सगळा सण करायची सक्ती स्वतःवर करू नका. केक नाही केला तरी चालेल. एक मेणबत्ती लावून, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन सर्वांनी मिळून प्रार्थना करा. त्याच्या आठवणी मुलांसमोर बोला. मुले विसरलेली नसतात, मोठी माणसे बोलत नाहीत म्हणून ती गप्प असतात. पैशाची अडचण असेल तर ती आपल्या पाळकांच्या किंवा फादरच्या कानावर घाला. मंडळी त्यासाठीच असते. मदत घेण्यात कमीपणा नाही. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. विहीर खोदल्याने रमाबाईंची श्रद्धा कमी झाली नव्हती, औषध घेतल्याने तुमचीही होणार नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा आनंद आहे, त्यांचेही काम आहे. शेजारच्या अंधाऱ्या घरात फराळाचे ताट पाठवून थांबू नका, ताट घेऊन स्वतः जा आणि थोडा वेळ बसा. फार बोलायची गरज नाही. गायनाचा ताफा त्या घरासमोर येईल तेव्हा नुसता पुढे निघून जाऊ नये. आधी विचारावे आणि होकार मिळाला तर एखादे शांत गीत हळू आवाजात म्हणावे. ३१ तारखेच्या रात्री एकट्या राहिलेल्या आजींना उपासनेला नेऊन पुन्हा घरी पोचवणे, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

राहिला ताऱ्याचा प्रश्न. बेथलेहेमवरचा तारा उगवला तेव्हा हेरोद गादीवर होता आणि रात्र संपलेली नव्हती. ताऱ्याला अंधार संपण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून मन होत असेल तर या वर्षीही तारा लावा, लहानसा लावा. मन होत नसेल तर लावू नका, त्याने कोणी रागावणार नाही. तुमच्या दाराला तारा नसेल, त्या वर्षी शेजाऱ्याने आपला तारा असा टांगावा की त्याचा थोडा उजेड तुमच्याही ओट्यावर पडेल.