दादाची गाडी

परवा पुतण्या नवी गाडी घेऊन दारात आला. हॉर्न वाजवून त्याने मला बाहेर बोलावले आणि गाडीऐवजी पाटीच दाखवली. "काकाजी, नंबर तर पाहा!" नंबर होता ४१४१. इंग्रजी चाराला जरा वळण दिले की त्याचा 'द' होतो, एकाचा काना होतो. पाटीवर ठसठशीत 'दादा' उमटला होता. आमच्या मूलमध्ये असे दादा बरेच आहेत. एखादा ८०५५ चा 'बॉस'ही भातगिरणीसमोर उभा दिसतो.

हौसेला माझी ना नाही. बँकेत असताना अशा नंबरांसाठी मीच कितीतरी डिमांड ड्राफ्ट सह्या करून दिले. एकाच नंबरावर दोघे अडून बसले की बंद लिफाफ्यात ज्याची रक्कम जास्त, नंबर त्याचा. एका गृहस्थांना आकड्यांची बेरीज नऊच हवी होती. ट्रॅक्टरचा हप्ता थकला, पण नऊ काही सुटला नाही! राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये हे दर वाढवले. आमच्याकडे चारचाकीला ०००१ हवा असेल, तर ३ लाखांचे ५ लाख झाले. मुंबई-पुण्याला ४ चे ६. ब्रिटनचे सरकार तर १९८९ पासून हौशी लोकांना नंबर विकते आहे. दुबईत एप्रिल २०२३ मध्ये 'पी ७' ही पाटी साडेपाच कोटी दिऱ्हॅमला गेली आणि तो पैसा अन्नदानाच्या कामाला लागला. ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावा. तिजोरी भरते, कोणाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते पुढे. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत, तिन्हीसांजेला, गडचिरोली रस्त्याने शेतावरून परतणाऱ्या एका बाईला गाडीने उडवले. गाडी थांबली नाही. बाई गेली. पानटपरीवाल्याने गाडी पाहिली होती. नंबर काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "दादाची गाडी होती, साहेब."

आता हा दादा शोधायचा कुठे? दर मालिकेत १ ते ९९९९ नंबर, म्हणजे दर मालिकेत एक ४१४१ असतोच. चंद्रपूरच्या एमएच ३४ मध्ये जितक्या मालिका तितके दादा, गडचिरोलीच्या ३३ मध्ये वेगळे, नागपूरचे आणखी वेगळे. गाडी ओळखायला जिल्हा आणि मालिकेची अक्षरे लागतात, आणि नेमकी तीच कोपऱ्यात मुंगीएवढी करून टाकलेली असतात.

बाईचा नवरा कागद घेऊन माझ्याकडे आला. बँकवाला म्हणून लोक अजून येतात. गाडी सापडली असती, तर न्यायाधिकरणापुढे दावा लावता आला असता. बाईचे वय, तिची मजुरी, मागे राहिलेली लेकरे, सगळे धरून भरपाई ठरली असती आणि विमा कंपनीला ती द्यावी लागली असती. अज्ञात वाहनाने मृत्यू झाला, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या सरकारी योजनेत ठरलेले २ लाख. वय कितीही असो, लेकरे कितीही असोत. मी तो अर्ज भरून दिला. 'वाहन क्रमांक' या शब्दांशी माझा पेन बराच वेळ थांबला होता. कर्जाच्या रजिस्टरात तोच रकाना मी आयुष्यभर डोळे मिटून भरत आलो होतो.

कायदा काही मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांत मोटारीच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, असे मापही दिलेले आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर विक्रेताच उच्च सुरक्षा पाटी बसवून देतो. ब्रिटनमध्ये नंबर विकत घेतलेल्यानेही अक्षरांशी खेळ केला, तर सरकार तो काढून घेऊ शकते. पैसे भरून मिळतो तो फक्त लावण्याचा हक्क.

"सरकारी पाटी कुठे आहे?" मी पुतण्याला विचारले.

"घरी आहे ना, जपून ठेवली."

मी चष्मा पुसला आणि रस्त्याच्या कडेने पन्नास पावले मागे गेलो. तिथून 'दादा' स्पष्ट वाचता येत होता. एमएच ३४ दिसत नव्हते, पुढची दोन अक्षरेही नाहीत. परत येऊन त्याला तसे सांगितले.

तो हसला. "काकाजी, ओळखीचे लोक ओळखतात ना!"