पिशवीवर नाव घालण्याआधी

घरबसल्या साड्या, खणाचे ब्लाऊजपीस, दुपटी, गोधड्या विकणाऱ्या भगिनी आता गावोगाव दिसतात. मागणी मोबाईलवर येते, पैसेही मोबाईलवरच जमा होतात. पण माल काही मोबाईलमधून जात नाही! तो पिशवीत घालून कुरिअरवाल्याच्या हवाली करावा लागतो. आणि थोडा जम बसला, की मनात हौस येते, आपल्या नावाची छापील पिशवी हवी. हौस वाईट नाही. पण तिच्यापायी हातातली पुंजी कशी अडकते ते आधी पाहू. रंग गुलाबी की जांभळा, ते मग.

प्लास्टिकवर मोठ्या यंत्राने छपाई करायची, तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर किंवा ब्लॉक करावा लागतो. तो खर्च शंभर पिशव्यांना तेवढाच आणि दहा हजारांनाही तेवढाच. म्हणून छापणारा म्हणतो, "ताई, पाच हजारांच्या खाली परवडत नाही." त्याचे त्याच्या जागी बरोबर आहे, तुम्ही तुमचा हिशेब करा. समजा, पिशवी सहा रुपयांना पडली. पाच हजारांचे झाले तीस हजार. महिन्याला तुमची चाळीस पार्सले जात असतील, तर त्या पिशव्या संपायला दहा वर्षांहून जास्त लागतील! तोवर चिकटपट्टीचा गोंद वाळेल आणि तुमचा फोन नंबरही कदाचित बदलेल. त्या तीस हजारांत दिवाळीचा किती माल भरता आला असता, ते मी सांगायला नको.

तेव्हा सुरुवातीला साध्या कोऱ्या पिशव्या शेकड्याने आणाव्यात आणि नावाचे कागदी स्टिकर छापून घ्यावेत. रबरी शिक्का मारायचा तर तोही स्टिकरवरच मारा. साधी शाई प्लास्टिकवर वाळत नाही, हाताला लागते आणि साडीलाही. नाव छापूनच हवे असेल, तर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग करणारे थोड्या नगांचे काम घेतात. खप वाढला, मापे ठरली, की मग सिलिंडरचा विचार करावा.

मापाचे म्हणाल, तर ते अंदाजाने ठरवू नका, टेप घ्या. माल घडी करून आतल्या पातळ पिशवीत घाला. त्याच्या रुंदीत जाडी मिळवा आणि वर एक इंच ठेवा; लांबीचेही तसेच. साडीची घडी ९ बाय १२ आणि जाडी १ इंच असेल, तर निदान ११ बाय १४ हवी. त्यात कोंबाकोंबी वाटली तर १२ बाय १६ घ्या. दुकानदाराला एवढे जरूर विचारा, की सांगितलेल्या मापात वरची दुमडायची पट्टी धरली आहे का. इथे बऱ्याच जणी फसतात.

कोणी म्हणेल, खोके जास्त रुबाबदार दिसते. दिसते खरे, पण अनेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि खरे वजन व हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे घेतात. ३० बाय २५ बाय १० चे खोके दीड किलोचे धरले जाते, मग आत पाऊण किलोची साडी का असेना. तीच साडी पिशवीत घातली तर आकाराचे वजन अर्ध्या किलोच्या आत बसते आणि खऱ्या वजनाचेच पैसे पडतात. बांगड्या, फोटोफ्रेम, काचेच्या वस्तू यांना मात्र खोकेच हवे.

जाडी बाजारात कोणी गेजमध्ये सांगतो, कोणी मायक्रॉनमध्ये. शंभर गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. कपड्यांना दोनशे गेज म्हणजे ५० मायक्रॉन पुरते. गोधडी किंवा टोके असलेल्या वस्तूला त्याहून जाड घ्यावी. बाहेरून पांढरी आणि आतून काळी वा करडी असलेली पिशवी उत्तम, आतला माल दिसत नाही. मात्र नाकाजवळ धरून वास घ्या. हलक्या, पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकला उग्र वास असतो आणि तो रेशमात उतरतो.

पाच-दहा नमुने मागवल्याशिवाय पैसे देऊ नका. एकात वर्तमानपत्र घालून बंद करा आणि नळाखाली धरा. कागद भिजला तर बाजूची शिवण कच्ची. दुसरी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी उघडताना प्लास्टिक ताणले, फाटले, तर गोंद चांगला. अलगद सुटली तर वाटेत कोणीही उघडून पुन्हा बंद करील. छपाईवर सेलोटेप दाबून झटकन ओढा. अक्षरे टेपला चिकटून आली तर तो छापखाना सोडा. आपल्या आई-मावशा पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेची मोहोर करीत. मोहोर मोडली की कळे. चिकटपट्टीने तेच काम करायला हवे.

आता छापायचे काय? दुकानाचे नाव, एखादी नक्षी, बस. घरचा पत्ता आणि रोजच्या वापरातला मोबाईल नंबर पिशवीवर छापू नका. लेबलावर तो लिहावा लागतोच, पण लेबल फाडून टाकता येते. छापलेली पिशवी कचऱ्यातून, रद्दीतून कुठे कुठे फिरते, आणि रात्री अकराला अनोळखी फोन येतो तो बाईमाणसालाच. शक्य तर धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. "पैठणी" किंवा "दागिने" असेही वर छापू नका. वाटेत चोराला आमंत्रण कशाला?

छापणारा "हातात धरायला भोक पाडून देऊ का?" म्हणाला तर नको म्हणा. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. माल घालून चिकटवून बंद केलेली पिशवी पॅकिंगमध्ये गणली जाते, हातात धरायची नव्हे. पिशवी बनवणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक विचारून बिलावर घ्या. "विघटनशील" म्हणून महाग पिशवी दाखवली, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागा.

चकल्या-शेवेचा धंदा करणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे, की थेट याच पिशवीत भरले तर चालेल का? नाही. ही पिशवी अन्नासाठी केलेली नसते. फराळ आधी खाद्यपदार्थांच्या पाकिटात सील करून, त्यावर तारीख व तुमचा अन्न परवाना क्रमांक घालून, खोक्यात ठेवावा. पिशवी खोक्यावरून चढवावी. चकली मोडली तर सुंदर छापलेल्या नावानेही गिऱ्हाईक परत येत नाही. कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा मात्र शेगडीपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून दूर, सपाट ठेवा. गोंद तापला की पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात.