खाडीत बुडवलेली बोट आणि न सापडणारा मालक

डोंबिवलीच्या पश्चिमेला मोठागाव, रेतीबंदर, कुंभारखाण पाडा, देवीचा पाडा, गणेशनगर या भागात राहणाऱ्यांना एक बातमी पाठ झाली आहे. महसूल विभागाच्या पथकाने उल्हास खाडीत धाड टाकली, पथक दिसताच कामगारांनी पाण्यात उड्या मारून पळ काढला, बार्ज आणि सक्शन पंप जागेवर सोडलेले सापडले, ते गॅस कटरने कापून, जाळून किंवा बुडवून नष्ट करण्यात आले. मग नष्ट केलेल्या मालाची लाखांतली किंमत दिली जाते. तारीख बदलते, बंदराचे नाव बदलते, कधी डोंबिवलीऐवजी मुंब्रा किंवा भिवंडी येते. मजकूर तोच राहतो.

या बातमीत बहुतेक वेळा एक गोष्ट नसते, ती म्हणजे बार्जच्या मालकाचे नाव.

रेतीमाफियांविरुद्ध कारवाई झाली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. सक्शन पंपाने खाडीचा तळ ओरबाडला जातो, किनारा ढासळतो, कांदळवन उन्मळते, पुलांच्या पायाला धोका होतो. प्रश्न कारवाईनंतरचा आहे. सोडून दिलेल्या किंवा जप्त केलेल्या बोटीचे सरकार नेमके काय करते, कोणत्या कायद्याने करते, आणि त्यातून कोण सुटते? आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी हा प्रश्न 'पर्यावरणवाल्यांचा' म्हणून बाजूला टाकू नये. धाडीत पाण्यात उडी मारणारा माणूस कोण असतो आणि बंगल्यात बसून बार्ज चालवणारा कोण असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

अधिकाऱ्यांची अडचण खरी आहे

आधी दुसरी बाजू न्यायाने मांडू. खाडी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. ओहोटी लागली की बार्ज चिखलात रुतते, ती ओढून नेता येत नाही. तहसील कार्यालयाकडे स्वतःची टग बोट नसते, जप्त केलेली बार्ज बांधून ठेवायला सुरक्षित धक्का नसतो. रात्री पहारा ठेवायला माणसे नसतात. पहारा नसलेली बार्ज सकाळपर्यंत पळवली जाते आणि आठवड्यात पुन्हा रेती काढू लागते. खाडीच्या एका काठाला कल्याण तालुका, समोरच्या काठाला भिवंडी, पुढे ठाणे. इकडचे पथक निघाले की बार्ज तिकडे सरकते. अशा वेळी 'जागेवरच नष्ट करा' हा सोपा मार्ग वाटतो.

पण सोपा मार्ग म्हणजे कायदेशीर मार्ग नव्हे. बोट बुडवली म्हणजे तिची विल्हेवाट लागली, असेही नव्हे.

कायदा काय सांगतो?

रेती हे गौण खनिज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार विनापरवाना उत्खनन करणाऱ्याला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि त्यासाठी वापरलेली यंत्रसामग्री व वाहतुकीची साधने जप्त करता येतात. जप्तीनंतर प्रकरण वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यासमोर जावे लागते. केंद्राचा खाण व खनिजे कायदा, 1957 आणखी स्पष्ट आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे जप्त केलेले वाहन किंवा साधन न्यायालयाच्या आदेशाने सरकारजमा होते आणि त्याची विल्हेवाट न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे लावायची असते.

जप्त वस्तू वर्षानुवर्षे सडत ठेवाव्यात, असेही कायदा म्हणत नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितले की पोलीस ठाण्यांच्या आवारात वाहने कुजवू नका. सविस्तर पंचनामा करा, छायाचित्रे काढा आणि वस्तूची लवकर विल्हेवाट लावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये हेच तत्त्व आले आहे. वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून 14 दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार करायचे, छायाचित्रण करायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या बेवारस मालासाठीही तरतूद आहे. जाहीर नोटीस काढून सहा महिन्यांत मालकाला हजर होण्यास सांगायचे, कोणी आले नाही तर तो माल शासनाकडे जातो.

म्हणजे वेगाने काम करण्याचा कायदेशीर रस्ता उपलब्ध आहे. या रस्त्यावर प्रत्येक टप्प्याला एक कागद तयार होतो, आणि त्या कागदावर 'मालक कोण?' हा रकाना भरावा लागतो. धाडीच्या दुपारीच बोट तळाला गेली की हा रकाना कोरा ठेवण्याची सोय होते.

मालक खरेच सापडत नाही का?

18 ऑगस्ट 2022 ची घटना आठवा. रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका वाहत आली. तिच्यात तीन एके रायफली आणि काडतुसे सापडली. राज्यभर नाकाबंदी झाली. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत माहिती दिली की नौकेचे नाव 'लेडी हान', तिची मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेकडे, ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती, जून महिन्यात इंजिन बंद पडल्याने खलाशांनी ती सोडली आणि एका कोरियन जहाजाने त्यांना वाचवले. अरबी समुद्रात जवळपास दोन महिने भरकटलेल्या नौकेचा मालक एका दिवसात सापडला.

मग उल्हास खाडीत वर्षानुवर्षे उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या बार्जचा मालक का सापडू नये? बार्ज आकाशातून पडत नाही. ती कुठल्या तरी कार्यशाळेत बांधली जाते. तिच्या इंजिनावर, पंपावर कंपनीचा क्रमांक असतो. तिला डिझेल कोणी तरी पुरवतो. तिने काढलेली रेती कुठल्या तरी धक्क्यावर उतरते, ट्रकमध्ये भरते आणि कुणाच्या तरी इमारतीत जाते. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार यंत्रावर चालणाऱ्या जलयानाची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक आहे, नोंदणी क्रमांक दर्शनी भागावर हवा आणि देशभरातल्या नोंदी एका केंद्रीय इलेक्ट्रॉनिक प्रणालीत ठेवायच्या आहेत. क्रमांक असेल तर मालक सापडतो. क्रमांक नसेल, तर बिननोंदणीची बोट खाडीत चाललीच कशी, हा प्रश्न नोंदणी करणाऱ्या यंत्रणेला विचारावा लागतो.

बोट बुडवली की इंजिनाचा क्रमांकही बुडतो. पुरावा नष्ट करणे आरोपीच्या फायद्याचे असते, एवढे समजायला वकील व्हावे लागत नाही. मालकाच्या दृष्टीने एक बार्ज गमावणे हा धंद्यातला खर्च ठरतो. पाचपट दंड, गुन्हा आणि न्यायालयाच्या फेऱ्या त्याहून महाग पडल्या असत्या. पकडला गेलाच तर पोटासाठी बार्जवर उभा असलेला मजूर पकडला जातो.

बुडालेली बोट जाते कुठे?

कुठेच जात नाही. लोखंडी सांगाडा तळात राहतो. टाकीतले डिझेल, इंजिनातले ऑइल पाण्यावर तवंग धरते. तुटलेल्या पत्र्याच्या कडेला कोळ्याचे जाळे अडकून फाटते, त्याची भरपाई कोणी देत नाही. कापलेले तुकडे काठावर टाकले तर त्यांच्याखाली कांदळवन दबते. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद 21 ने दिलेल्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे मानले आहे.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम 24 सांगते की प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात सोडता येणार नाही. प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण वाढेल अशी वस्तूही टाकता येणार नाही. कायद्याच्या व्याख्येत नदी आणि भरतीचे पाणी दोन्ही 'प्रवाह' आहेत. हा नियम कारखानदारासाठी आहे आणि तहसीलदारासाठी नाही, असे कुठेही लिहिलेले नाही. खाडी वाचवण्यासाठी केलेली कारवाई खाडीतच भंगार टाकून संपत असेल, तर आपण खाडीला नेमके कशापासून वाचवले?

यात आणखी एक विसंगती आहे. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, 2016 ने कल्याण–ठाणे–मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी हा 145 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 म्हणून घोषित केला. या मार्गावर डोंबिवलीलाही जेट्टीची योजना आहे. उद्या ज्या पाण्यातून प्रवासी बोटी न्यायच्या, त्याच पाण्याच्या तळात आज सांगाडे सोडायचे आणि नंतर ते काढण्यासाठी ठेका द्यायचा, हा खर्च जनतेच्या खिशातून जाणार आहे.

पाणी एक, मालक अनेक

या गोंधळाचे मूळ कारभाराच्या तुकड्यांत आहे. रेती महसूल खात्याची, बोटीची नोंदणी मेरीटाईम बोर्डाकडे, राष्ट्रीय जलमार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे, कांदळवन वन विभागाच्या कक्षाकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळे, गुन्हा पोलिसांकडे आणि काठावरची वस्ती महापालिकेकडे. नोंदणी, जप्ती आणि भंगार या तिन्हींचा हिशेब एका टेबलावर येत नाही. मोठ्या जहाजांसाठी हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून जगभर लागू झाला आणि जहाज तोडताना तेल, विषारी पदार्थ आधी काढण्याचे नियम आले. पण 500 टनांखालच्या नौका त्या कराराच्या बाहेर आहेत. खाडीतली बार्ज इथेही निसटते.

पाण्याकडे तुकड्यांत पाहू नये, हा विचार या देशात नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. त्यांच्या कार्यकाळात 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारसदार. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकच्या परिषदेत ओरिसातल्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार मांडला. आयोगाच्या नावात 'नौकानयन' हा शब्द सहज आलेला नव्हता. नदी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा हिशेब एकत्र लागला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. आज तीच नदी सात कार्यालयांत वाटली गेली आहे.

या खाडीला आपल्याही इतिहासाची ओळख आहे. कल्याण हे प्राचीन बंदर होते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या उपासकांची, व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. दगडावर दात्याचे नाव, गाव आणि दान यांची नोंद दोन हजार वर्षे टिकते. आपल्या कार्यालयांत एका बार्जच्या मालकाचे नाव दोन महिनेही टिकू नये?

आमच्या मागण्या

पहिली, नष्ट करण्याआधी बार्जचे, इंजिनाचे आणि पंपाचे क्रमांक, मोजमाप आणि चित्रीकरण बंधनकारक करावे आणि ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावे. दुसरी, टाकीतले तेल काढल्याशिवाय बार्जला कटर लावू नये. तिसरी, कल्याण, भिवंडी आणि ठाणे या तिन्ही तालुक्यांसाठी एक टग बोट आणि एक पहाऱ्यातला जप्ती धक्का उभारावा. तोडायचे ते काठावर तोडावे, लोखंडाचा जाहीर लिलाव व्हावा आणि पैसे सरकारी तिजोरीत जमा व्हावेत. चौथी, मजुरांचा जबाब साक्षीदार म्हणून घ्यावा, म्हणजे चौकशी वरच्या माणसापर्यंत जाईल. पाचवी, आजवर बुडवलेल्या सांगाड्यांची पाहणी करून ते बाहेर काढावेत.

मागण्या केवळ निवेदनात राहू नयेत म्हणून एक काम कार्यकर्त्यांनी आपल्याकडे घ्यावे. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली दहा रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेतीगट शाखेला आणि कल्याण तहसील कार्यालयाला विचारा: गेल्या पाच वर्षांत किती बार्ज आणि सक्शन पंप जप्त झाले? किती नष्ट केले, कोणत्या आदेशाने, कोणत्या ठिकाणी? किती प्रकरणांत मालकाचे नाव निष्पन्न झाले? किती दंड आकारला आणि किती वसूल झाला? भंगाराच्या लिलावातून किती रक्कम जमा झाली? मेरीटाईम बोर्डाला विचारा: उल्हास खाडीसाठी किती बार्ज नोंदणीकृत आहेत? पंचनाम्याच्या प्रती मागा. उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. दोन्ही काठांवरच्या तरुणांनी हे एकत्र केले तर तीन तालुक्यांचा एक ताळेबंद तयार होईल.

आणि पुढच्या वेळी बार्ज नष्ट केल्याची बातमी आली, की टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारा: ती कोणाची होती?