आधी नदी, मग टीम

गोड्या पाण्यातल्या मासेमारीचीही वर्ल्ड चॅम्पियनशिप असते आणि तिच्यात देशोदेशींच्या राष्ट्रीय टीम उतरतात, हे सांगितलं की आपल्याकडच्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "मग आपली टीम असते का?" हा पहिला आणि "धरलेला मासा खातात ना?" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. खात नाहीत, वजन करून जिवंत परत सोडतात. पहिला प्रश्न आला की मात्र मला उलटच विचारावंसं वाटतं. टीम केलीच, तर ती सराव कुठल्या नदीवर करणार?

आधी खेळ समजून घेऊ. या खेळाची जागतिक संघटना १९५२ मध्ये रोममध्ये स्थापन झाली आणि १९५७ पासून जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. एखाद्या कालव्याचा किंवा नदीचा काठ मोजून पाच भागांत वाटतात. प्रत्येक देशाचे पाच जण, एकेका भागात एक. कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. ठरलेल्या वेळेत जो जितके मासे धरेल, त्यांचं एकूण वजन होतं. पण टीमचा निकाल किलोंवर लागत नाही. आपापल्या भागात पहिला आला त्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, याप्रमाणे. दोन दिवसांची बेरीज ज्या देशाची सगळ्यात कमी, तो जिंकला. म्हणजे एकाने मोठ्ठा मासा ओढला आणि बाकीचे चार हात हलवत परतले, तर उपयोग शून्य. पाचही जणांनी आपापल्या पाण्यात, मिळेल त्या लहान माशावर, न कंटाळता टिकून राहायचं असतं. आपल्याकडे 'गळ टाकून बसणं' हे रिकामटेकडेपणाचं लक्षण मानतात. इथे ते तासन् तास एकाग्र राहण्याचं काम आहे. पाण्यात चारा किती आणि कधी टाकायचा, गळ तळाला ठेवायचा की मध्यावर, शेजारच्या देशाच्या गड्याला मासे का लागताहेत, याचं गणित डोक्यात सतत चालू असतं.

इंग्लंड या खेळातला दादा देश आहे. बिली लेन १९६३ मध्ये जगज्जेता झाला, तो पहिला इंग्लिश माणूस. बॉब नड चार वेळा जिंकला: १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९. बार्न्सली या खाणकामगारांच्या गावाकडचा ॲलन स्कॉटहॉर्न तर पाच वेळा: १९९६, १९९७, १९९८, २००३ आणि २००७. हा जमीनदारांचा खेळ नव्हे. शेफील्डचे पोलाद कामगार आणि खाणीतले मजूर सुट्टीच्या दिवशी रेल्वेने नदीवर जायचे, त्यांच्या क्लबांतून तो वाढला. टीम वरून कोणी नेमली म्हणून तयार झाली नाही. आधी गावोगावी क्लब आले, त्या क्लबांना नदी आपली वाटू लागली, आणि शेवटी कधीतरी देशाची जर्सी आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नेहमी शेवटापासून सुरुवात करतो.

नदी आपली वाटते म्हणजे काय होतं, याचं एक उदाहरण डर्बी शहरातलं आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मासेमारी क्लबने डर्वेंट नदी नासवल्याबद्दल एक कापड उद्योगातली कंपनी, वीज मंडळ आणि खुद्द डर्बी महापालिका, अशा तिघांना कोर्टात खेचलं. कंपनी गरम आणि घाण पाणी सोडत होती, वीज केंद्र गरम पाणी, आणि महापालिका अर्धवट शुद्ध केलेलं मैलापाणी. शहर वाढलं, आम्ही तरी काय करणार, हा पालिकेचा बचाव होता. मराठी माणसाला हे वाक्य भाषांतर न करताही कळेल! अपील कोर्टाने तो मानला नाही, क्लब जिंकला. गळ टाकून बसणाऱ्यांनी महापालिकेला वठणीवर आणलं.

दुसरं उदाहरण माझ्या घराजवळचं. क्रॉयडनमध्ये ट्रामच्या वाँडल पार्क थांब्यावर उतरलं की बागेत एक ओढ्याएवढी नदी दिसते. ही वाँडल. इथून आणि कार्शल्टनहून निघून जेमतेम चौदा किलोमीटर वाहते आणि वाँड्सवर्थला थेम्सला मिळते. एकोणिसाव्या शतकात ती ट्राऊट माशासाठी नावाजलेली होती. १९६० च्या दशकापर्यंत तिची रीतसर गटारगंगा झाली होती, सरकारदरबारी तिला गटारच म्हटलं जाई. बागेतला प्रवाह तर १९६७ मध्ये जमिनीखाली गाडून टाकला, तो २०१२ मध्ये पुन्हा उघड्यावर आणला. मधल्या काळात स्वयंसेवक पाण्यात उतरून कचरा काढत राहिले. शाळांच्या वर्गांत टाक्या ठेवून ट्राऊटची अंडी उबवली गेली आणि पिल्लं मुलांच्या हातून नदीत सोडली गेली. सप्टेंबर २००७ मध्ये बेडिंग्टनच्या मैलापाणी केंद्रातून रसायन नदीत गेलं आणि हजारो मासे मेले. कंपनीला दंड झाला, नदी सावरण्यासाठी तिने पैसेही दिले. आज इथे ट्राऊट आहे.

इंग्लंडच्या सगळ्या नद्या निर्मळ आहेत, असं मी म्हणत नाही. पाऊस झाला की मैलापाणी नदीत सोडण्यावरून इथे गेली काही वर्षं लोक चांगलेच भडकलेले आहेत. पण भडकायला तरी कोणीतरी काठावर असावं लागतं. इथे तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला गळ टाकायला लायसन्स लागतं आणि त्याचा पैसा मासे व पाण्याच्या देखभालीकडे जातो. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर मासेमारी बंद, कारण तो विणीचा काळ. नियम पाळणारे हेच लोक नदीचे बिनपगारी पहारेकरी होतात.

आणि ते नोंदी ठेवतात. ट्रेंट नदीवरच्या स्पर्धांमध्ये कोणी कुठला मासा किती धरला, याच्या नोंदींवरून संशोधकांनी १९६९ ते १९८४ या काळात नदीतले मासे कसे बदलत गेले ते मांडलं. क्लबवाल्यांनी त्या आकडेवारीकडे विज्ञान म्हणून पाहिलंही नसेल. त्यांना फक्त कोण जिंकलं ते ठरवायचं होतं. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार पटतं. बिघाड झाल्यावर अक्कल चालत नाही, आधी लिहून ठेवलेलंच कामी येतं.

आता आपल्याकडे येऊ. आपलं पाणी दरिद्री होतं असं मुळीच नाही. कर्नल साईक्स या इंग्रजाने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातला एक महाशीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. इथल्या लोकांच्या तोंडचं नाव घेऊन त्याने त्या माशाला 'खुद्री' म्हटलं, आणि तेच नाव आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहे. म्हणजे मराठी नावाचा हा मासा मुळा-मुठेतून जगाच्या यादीत गेला. आज पुण्यातल्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात आणि महाडजवळ वाळणकोंडला देवाचे म्हणून महाशीर राखलेले आहेत. तिथे गळ टाकायची कोणाची छाती होत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली आहे.

या पैदाशीची पुढची गोष्ट मात्र कडू आहे, आणि ती गळवाल्यांच्या वहीमुळेच कळली. आपला हा निळ्या पराचा महाशीर कावेरीतही सोडला गेला. तिथे मुळात दुसरा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर राहत होता. गॅलिबोरच्या कॅम्पवर मासे धरून सोडणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ च्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा दिसलं की एकूण मासे वाढले, पण ते आपले पाहुणे. मूळचा मालक जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची आता नामशेष होण्याच्या अगदी कडेवरच्या प्राण्यांत गणना होते. भलं करायला गेलेल्यांना जे दिसलं नाही, ते गळवाल्यांच्या वहीत लिहिलेलं होतं.

माझे मामा माळकरी. त्यांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "अरे, पोटासाठी धरला तर समजू शकतो. मजेसाठी त्या जिवाच्या तोंडात आकडा अडकवायचा आणि वर सोडून दिला म्हणून पुण्य घ्यायचं, हे कुठलं?" मला हा आक्षेप हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. गळाने माशाला इजा होते. काटा नसलेला गळ, ओला हात, पाण्यातली जाळी, या सगळ्याने ती कमी होते, नाहीशी होत नाही. ज्याला पटत नाही त्याने गळ हातात घेऊ नये. पण मग मामांनाच मी विचारलं, की इंद्रायणीवर फेस तरंगतो तेव्हा खालच्या माशांचं काय होतं? ते मेल्याची तरी कुठे नोंद होते? त्यावर ते म्हणाले, "नोंद ठेवायला आकडा कशाला लागतो?" बरोबर आहे. गळ नको असेल तर नको, वही मात्र हवीच.

नदी-तळ्याला वाली असला तर आपल्याकडेही फरक पडतो. पवई तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांधला. त्याचं पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही, सांडपाणी आणि जलपर्णीने तो गांजला. त्याच तलावाच्या काठी मुंबई इलाख्याच्या काळापासूनच्या परंपरेची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, म्हणजे गळवाल्यांचा क्लब आपल्याला परका नाही. आणि २०२२ मध्ये त्याच काठावरचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, तो आयआयटीतले संशोधक विद्यार्थी आणि एक पर्यावरण संस्था कोर्टात गेल्यामुळे. डर्बीत क्लब होता, पवईत विद्यार्थी होते. कोणीतरी होतं, हे महत्त्वाचं.

आणि उद्या खरंच टीम निवडायची झाली, तर ती जिमखान्यात शोधू नये. गोड्या पाण्याची पिढ्यान् पिढ्यांची जाण आपल्याकडे भोई समाजाकडे आहे. उजनीच्या काठावर जाऊन विचारा. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठल्या खोलीला असतो, जाळ्यात आता चिलापीच का जास्त येतो, वरून पुण्याकडून आलेल्या पाण्याला कसला वास असतो, हे ते बोटावर सांगतील. बार्न्सलीच्या खाणपट्ट्याने इंग्लंडला पाच वेळचा जगज्जेता दिला. पण आपण या लोकांना 'मच्छीमार' म्हणून टेंडर आणि ठेक्याच्या कागदात ठेवतो, नदीचे जाणकार म्हणून बैठकीला बोलवत नाही.

आपण परदेशस्थ काय करू शकतो? आपण गावच्या शाळेला कॉम्प्युटर देतो, देवळाला देणगी देतो, मंडळाच्या गणपतीला वर्गणी देतो. तशीच आपल्या गावच्या नदीच्या एका टप्प्याला एक वही द्यावी. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, गावातल्या एका भोई किंवा कोळी कुटुंबाने आणि जवळच्या कॉलेजच्या दोन मुलांनी लिहायचं: पाण्याचा रंग, वास, कुठले मासे दिसले, किती, मेलेले किती. त्यांच्या दिवसाची मजुरी आपण द्यायची. फुकटात राबवायचं नाही. आणि कृपा करून लगेच ॲप बनवायला बसू नका. आमच्या जातीचा हा रोगच आहे. शंभर पानी वही आणि बॉलपेन पुरतं, फार तर महिन्याच्या शेवटी मोबाइलवर पानाचा फोटो.

पाच वर्षांनी ती वही ग्रामसभेत, प्रदूषण नियंत्रण मंडळात, वेळ आली तर कोर्टातही ठेवता येईल. नुसत्या 'पूर्वी नदी किती छान होती' या आठवणींवर कोणीही सही-शिक्का देत नाही. देशाची जर्सी, पदकं, परदेशातल्या कालव्यावर फडकणारा तिरंगा, हे सगळं व्हावं, मलाही आवडेल. पण त्याआधी आपल्या पाच जणांना बसायला मासे असलेला पाचशे मीटरचा काठ लागेल. तो कुठल्या नदीवर असेल, हे आपल्या घरच्यांना या रविवारच्या फोनवर विचारा. त्यांच्या गावच्या नदीत आज कुठले मासे आहेत, हेही विचारा. उत्तर आलं नाही, तर वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू होतं.