पारख की पाळत?

पवित्र शास्त्राच्या द्वारे देव मनुष्याला अंतर्बाह्य ओळखतो, या ख्रिस्ती श्रद्धेवर एका विद्वान गृहस्थांनी नुकताच जो हल्ला चढविला आहे, त्याचा इत्यर्थ असा की, असला सर्वज्ञ देव म्हणजे मनुष्यामागे लावलेला हेर होय. प्राचीन ग्रंथात आपण ओळखले गेलो असे ज्याला वाटते, तो आपलेच मन त्यात वाचीत असतो. आणि अशा श्रद्धेने मनुष्य भेकड बनतो.

पहिल्या आक्षेपासाठी त्यांनी 139वे स्तोत्र पुढे केले आहे. स्तोत्रकर्ता आकाशात, अधोलोकात, समुद्रापलीकडे जाण्याची कल्पना करतो आणि देव सर्वत्र आहेच असे त्याला आढळते, एवढेच त्यांनी वाचलेले दिसते. परंतु देवाने आपल्याला पारखले आहे असे पहिल्याच वचनात निवेदन करणारा हा मनुष्य 23व्या वचनात तीच पारख पुन्हा व्हावी अशी याचना करतो. ज्याच्या घराची सरकारी शिपायांनी झडती घेतली, तो दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ज देऊन त्यांना पुन्हा बोलावतो काय? हेराला कळलेले दप्तरात जाते व हुकूम होऊन परतते. येथे जाणणारा तोच आहे, ज्याने त्याला मातेच्या उदरात घडविले, आणि ही मधली वचने आमच्या टीकाकारांनी खुशाल गाळली आहेत. गाळण्याचा दोष अर्थात त्यांच्या एकट्याचा नव्हे. 19 ते 22 या वचनांतील दुष्टांविषयीचा जळजळीत द्वेष कित्येक भाविकही उपासनेत मुकाट्याने वगळतात. माझ्या मते मात्र स्तोत्राचा प्राण तेथेच आहे, कारण त्या संतापाच्या पाठोपाठ, तो संताप तसाच उघडा ठेवून, स्तोत्रकर्ता आपले हृदय तपासणीस देतो. कर्ता दावीद की निर्वासोत्तर काळातील कोणी अनामिक, या वादात अशाच टीकाकारांनी पूर्वी पुष्कळ शाई खर्ची घातली. कर्ता कोणीही ठरो, याचना तीच राहते.

दुसऱ्या आक्षेपाला नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखविण्यासाठी सांगितलेली कथा पुरे. गरिबाच्या मेंढीची हकीकत ऐकताना दाविदाने आपलेच मन त्यात वाचले, तेव्हा तो न्यायाधीश होऊन बसला होता. आरोपी आपणच आहोत, हे त्याला बाहेरून सांगावे लागले. आणि भेकडपणा? शोमरोनी स्त्रीच्या पाच नवऱ्यांची गोष्ट तिने न सांगता येशूने सांगितली, तेव्हा ती भेदरून लपली नाही. नगरात जाऊन तिने लोकांना त्याच्याकडे बोलावले.

मला जे मांडावयाचे ते थोडके आहे. गलतीकरांनी देवाला ओळखले असे लिहिता लिहिता पौल त्याच वाक्यात स्वतःला सावरतो, आणि देवानेच त्यांना ओळखले, असे म्हणतो. माझे देवाविषयीचे ज्ञान तोकडे आहे, दुखण्यात आणि संशयात ते डळमळते. तारण त्यावर अवलंबून असते, तर मी केव्हाच निराधार झालो असतो. म्हणून शास्त्र उघडताना मी कैफियत रचून नेत नाही. ती तेथे आधीच पुरती ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही मला बोलावणे आहे.